गृहनिर्माण संस्थांतील थकबाकी : हिशेब, सलोखा आणि कायदा

[सहकार सप्ताहानिमित्त एका तालुक्याच्या ठिकाणी अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांनी नऊ वर्षे एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव म्हणून काम केले आहे.]



सहकार सप्ताहात बोलावयाचे तर साखर कारखाना, दूध संघ किंवा पतसंस्था यांच्याविषयी बोलावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. मी मात्र आज आपल्यापुढे अगदी घरगुती वाटणारा विषय घेऊन उभा आहे. जिन्यातला दिवा, गच्चीवरील टाकी, पाणी चढविणारा पंप, पहारेकऱ्याचा पगार, इमारतीची रंगरंगोटी या सर्वांसाठी प्रत्येक घरमालकाने आपल्या संस्थेला दरमहा काही रक्कम द्यावयाची असते. लोक तिला सरसकट ‘मेंटेनन्स’ म्हणतात. ही रक्कम जे भरत नाहीत, त्यांच्याशी संस्थेने कसे वागावे, हा माझा विषय आहे.

हा प्रश्न शहरातला आहे, त्याच्याशी आम्हा पंचायतीच्या माणसांना काय करावयाचे, असे येथे बसलेल्या काहींना वाटणे शक्य आहे. परंतु शहरांच्या वेशीवरची गावे आता पूर्वीची राहिलेली नाहीत. जेथे काल ज्वारीचे शेत होते तेथे आज चार मजली इमारत उभी आहे, तिच्यात सहकारी संस्था आहे आणि ती संस्था ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. शिवाय घरपट्टीची वसुली करताना पंचायतीला जो अनुभव येतो, तोच संस्थेच्या सचिवाला येतो. दोघांनाही शेजाऱ्याच्याच दारात जाऊन पैसे मागावयाचे असतात. शिक्षक बंधूंच्या बाबतीत तर काय सांगावे! मास्तरांचे अक्षर चांगले आणि त्यांना वेळही असतो, अशा समजुतीने सचिवपदाची माळ बहुधा त्यांच्याच गळ्यात पडते. माझ्याही गळ्यात ती अशीच पडली.

थोडी पूर्वपीठिका

आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज अन्य कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी केली. तिचा लाभ घेऊन मुंबईत गावदेवी भागात १९१५ साली सारस्वत मंडळींनी आपली गृहनिर्माण संस्था उभी केली. मुंबई इलाख्यातील या चळवळीच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते आणि श्रीपाद सुब्राव तलमकी यांचे नाव त्या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे १९२५ साली मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकार कायदा आला आणि राज्यस्थापनेनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अस्तित्वात आला. मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा १९६३ साली झाला आणि सदनिका घेणाऱ्यांची संस्था स्थापन करून देण्याची जबाबदारी बांधकाम करणाऱ्यावर आली. २०१९ साली मूळ सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, ज्यांनी आरंभी या संस्था काढल्या त्यांना भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जावयाचे होते आणि एकट्याला न पेलणारा भार सर्वांनी मिळून उचलावयाचा होता. गाव करील ते राव काय करील, ही आपली जुनी म्हण त्यांनी विटा-चुन्यात उतरविली. आज मात्र पुष्कळांची समजूत अशी असते की, सदनिका विकत घेतली तेव्हाच सर्व देणे संपले. दाराच्या आतले घर आपले आणि दाराबाहेरचा जिना कोणाचाच नाही, या समजुतीतून थकबाकीचा जन्म होतो.

थकबाकीचा भार कोणावर?

आपण एक साधे गणित मांडू. एका संस्थेत २४ सदनिका आहेत आणि प्रत्येकीची मासिक आकारणी २,००० रुपये आहे, असे समजा. दरमहा ४८,००० रुपये जमले पाहिजेत. सहा घरमालकांनी पैसे भरले नाहीत, तर १२,००० रुपयांची तूट येते आणि वर्षअखेर ती १,४४,००० रुपयांवर जाते. पहारेकऱ्याला पगार द्यावाच लागतो, पंपाचे वीजबिल भरावेच लागते. तेव्हा ही तूट भरून काढावयाची झाल्यास उरलेल्या १८ जणांवर दरमहा प्रत्येकी सुमारे ६६७ रुपयांचा जादा बोजा पडतो. म्हणजे जो भरतो तोच पुन्हा भरतो.

प्रत्यक्षात असा जादा बोजा कोणी उघडपणे लादत नाही. समिती निधीतून उसनवारी करते, किंवा दुरुस्ती पुढे ढकलते. गच्चीची गळती या वर्षी नको, पुढच्या वर्षी पाहू, असे म्हटले जाते. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, स्लॅबमधील सळया गंजतात आणि जे काम थोडक्यात झाले असते त्याला अनेक पटींनी खर्च येतो. म्हणून मी असे म्हणतो की, थकबाकीदार संस्थेचे पैसे बुडवितो हे म्हणणे अपुरे आहे. तो आपल्या डोक्यावरचे आणि शेजाऱ्याच्याही डोक्यावरचे छप्पर कमकुवत करीत असतो.

माझ्या हातून झालेली चूक

आता मी आपल्याला माझाच एक अनुभव सांगतो. त्यात माझे भूषण काही नाही.

आमची संस्था २८ सदनिकांची. निवृत्तीनंतर मी तेथे राहावयास गेलो आणि वर्षभरात सचिव झालो. दुसऱ्या वर्षी थकबाकीची यादी काढली. तिसऱ्या मजल्यावरील एका भगिनीकडे १४ महिन्यांची बाकी दिसत होती. त्यांचे यजमान त्याच सुमारास निवर्तले होते. समितीच्या बैठकीत कोणी तरी म्हणाले, “पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, दोन दिवसांत पैसे येतील.” इतरांनी माना डोलावल्या. नोटिशीवर सही माझी होती.

व्हॉल्व्ह बंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची दहा वर्षांची मुलगी हातात कळशी घेऊन शेजारच्या इमारतीतून जिना चढताना मला दिसली. जन्मभर मी त्या वयाच्या मुलांना शिकविले होते. ती माझ्याकडे पाहून काही बोलली नाही. बाजूला सरून तिने मला वाट दिली.

त्याच रात्री तिची आई एक वही घेऊन माझ्या दारात आली. “गुरुजी, पैसे मागा, मी नाही म्हणत नाही. पण माझी वही एकदा बघा,” एवढेच ती म्हणाली. वहीत पाच वेळा, तारखेसह, आधीच्या खजिनदारांकडे रोख दिलेल्या रकमा लिहिलेल्या होत्या. मी खजिनदारांना विचारले. गृहस्थ प्रामाणिक होते, पण अघळपघळ. त्यांनी आपली खिशातली डायरी काढली आणि पाचही नोंदी तिच्यात सापडल्या. पावती फाडावयाची राहिली होती आणि खातेवहीत रक्कम चढली नव्हती. व्याजही व्याजावर धरले गेले होते. चौदा महिन्यांची बाकी वस्तुतः नऊ महिन्यांची होती.

त्याच रात्री मी संपूर्ण यादी पुन्हा वाचली. समितीच्याच दोन सदस्यांकडे आठ-आठ महिन्यांची बाकी होती आणि त्यांना एकही नोटीस गेलेली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी स्वतःच्या सहीने केले होते. सकाळी उठून पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडला. त्यानंतर त्या भगिनीची आणि तिच्या मुलीचीही क्षमा मागितली. पुढे त्यांनी नऊ महिन्यांची सगळी रक्कम हप्त्यांनी वर्षभरात फेडली.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो, आणि आजच्या व्याख्यानाचे सार तेच आहे. वसुलीची सुरुवात संस्थेच्या दप्तरापासून होते. थकबाकीदाराच्या दाराशी जावयाचे ते त्यानंतर. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्यालाच कठोर होण्याचा अधिकार पोचतो.

आधी हिशेब

मागणी कशाची आहे, हे सदस्याला समजले पाहिजे. ‘मेंटेनन्स २,००० रुपये’ एवढेच लिहिलेले बिल पाहून कोणाचेही समाधान होत नाही. शासनाच्या सहकार खात्याने प्रसृत केलेल्या २०१४ च्या आदर्श उपविधींत प्रत्येक बाबीची वाटणी कशी करावी हे सांगितलेले आहे. सेवा आकार, म्हणजे पहारा, सफाई, कार्यालयीन खर्च वगैरे, सर्व सदनिकांना सारखा. पाण्याचा आकार नळजोडांच्या संख्येनुसार व आकारानुसार. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के. सदनिकेचा बांधकाम खर्च १०,००,००० रुपये धरला, तर दुरुस्ती निधीचे वर्षाला ७,५०० आणि सिंकिंग फंडाचे २,५०० रुपये होतात. असे फोडून लिहिले म्हणजे पैसे कोठे जातात हे डोळ्यांना दिसते.

सेवा आकार सारखा कशासाठी, माझी सदनिका लहान आहे, अशी तक्रार पुष्कळदा येते. तिला उत्तर असे की, पहारेकरी लहान घराची राखण कमी आणि मोठ्या घराची जास्त करीत नाही. मात्र १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या इमारतींत खर्चाची वाटणी सामाईक क्षेत्रातील अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली येते हे ठाऊक नसल्यामुळे निष्कारण भांडणे होतात. सदनिका भाड्याने दिली असल्यास बिनभोगवटा शुल्क घेता येते, परंतु २००१ सालच्या शासन आदेशाने त्याची मर्यादा सेवा आकाराच्या १० टक्के अशी घातली. ही मर्यादा ओलांडून केलेली मागणी वादात टिकत नाही आणि तिच्या बरोबरीने खरी मागणीही संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

व्याजाच्या बाबतीत तर विशेष सावध असावे. आदर्श उपविधींत २०१४ साली थकबाकीवरील व्याजाची कमाल मर्यादा द. सा. द. शे. २१ अशी होती आणि व्याज सरळ होते. आपल्या संस्थेच्या नोंदलेल्या उपविधींत कोणता दर आहे आणि सर्वसाधारण सभेने कोणता ठरविला आहे, हे प्रत्येक समितीने पाहून घ्यावे. समजा, एका सदस्याने दरमहा २,००० रुपये याप्रमाणे बारा महिने काहीच भरले नाही. मुद्दल २४,००० रुपये झाले. पुष्कळ ठिकाणी सरसकट २४,००० वर वर्षाचे व्याज म्हणजे ५,०४० रुपये लावले जातात. हे चूक आहे. पहिल्या महिन्याची रक्कम बारा महिने थकली, दुसऱ्याची अकरा महिने, आणि शेवटची एकच महिना. २,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ३५ रुपये होते. बारापासून एकपर्यंतच्या महिन्यांची बेरीज ७८. तेव्हा बरोबर व्याज २,७३० रुपये. ज्या संस्थेने ५,०४० लावले, तिने स्वतःच्या हाताने सदस्याच्या हाती एक रास्त तक्रार दिली.

याबरोबरच प्रत्येक रकमेला पावती हवी. शक्य तो रक्कम बँकेमार्फत घ्यावी. आता भ्रमणध्वनीवरूनही पैसे भरता येतात, त्यामुळे रोख घेण्याचे प्रसंग कमी झाले आहेत, पण नोंद तपासण्याचे काम कमी झालेले नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, वार्षिक सर्वसाधारण सभा घेऊन हिशेब मांडणे हे तर कायदेशीर कर्तव्यच आहे. ज्या संस्थेत सभा वेळेवर होते आणि प्रश्नांना न चिडता उत्तरे दिली जातात, त्या संस्थेत थकबाकी कमी असते, असा माझा अनुभव आहे.

तीन प्रकारचे थकबाकीदार

सर्व थकबाकीदारांना एकाच मापाने मोजू नये. माझ्या पाहण्यात त्यांचे तीन प्रकार आले.

पहिला, ज्याला देणे शक्य नाही. नोकरी गेली, आजारपण आले, घरातला कर्ता पुरुष गेला. अशा माणसाकडे सचिवाने स्वतः जावे, पण एकट्याने न जाता समितीच्या आणखी एका सदस्याला बरोबर न्यावे. चालू महिन्याची रक्कम नियमित आणि जुन्या बाकीचा हप्ता, असा लेखी करार करावा. तो समितीच्या इतिवृत्तात नोंदवावा. व्याजात सवलत द्यावयाची असेल तर सचिवाने ती परस्पर देऊ नये. तो प्रश्न सभेपुढे ठेवावा आणि जो नियम एकाला लावला तो सर्वांना लावावा. दया ही व्यक्तीच्या मर्जीवर राहिली की तिचे रूपांतर पक्षपातात होते.

दुसरा, ज्याची तक्रार आहे. माझ्या भिंतीला ओल येते, माझ्या जागेवर दुसऱ्याचे वाहन उभे राहते, म्हणून मी पैसे देणार नाही, असे तो म्हणतो. त्याची तक्रार बहुधा खोटी नसते, पण त्याने निवडलेला मार्ग चुकीचा असतो. देणे थांबविणे हा तक्रार सोडविण्याचा कायदेशीर उपाय नाही. समितीविरुद्ध निबंधकाकडे जाता येते, कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात दाद मागता येते. हे त्याला शांतपणे सांगावे. मात्र समितीनेही त्याच्या अर्जाला लेखी उत्तर द्यावे आणि ओल कोठून येते हे जाऊन पाहावे. आमच्या संस्थेतील अशा चारपैकी तीन प्रकरणे प्लंबरला बोलाविल्यावर मिटली.

तिसरा, ज्याला देता येते आणि द्यावयाचे नाही. हा बहुधा अन्यत्र राहतो, सदनिकेचे भाडे नियमित घेतो आणि नोटिशीला उत्तर देत नाही. कधी तो इमारतीतच राहतो आणि समितीतल्या वजनदार माणसाचा स्नेही असतो. याच्यासाठी कायदा आहे आणि तो वापरण्यात संकोच करू नये. पहिल्या दोघांशी समजुतीने वागलेल्या संस्थेला तिसऱ्याशी कठोर वागताना सभासदांचा पाठिंबा मिळतो.

काय करू नये

पाणी तोडणे, वीज तोडणे, उद्वाहन वापरू न देणे, दारात कचरा साठू देणे, मुलांना आवारात खेळण्यास मज्जाव करणे, यांपैकी कोणताही मार्ग समितीने धरू नये. पाणी ही जीवनावश्यक गोष्ट आहे आणि ती रोखून वसुली करण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिलेला नाही. असे केल्यास थकबाकीदार फिर्यादी होतो आणि संस्था आरोपीच्या जागी उभी राहते. फलकावर एखाद्याच्या नावापुढे अपमानकारक मजकूर लिहू नये. थकबाकीचे आकडे अहवालात यावेत, विशेषणे येऊ नयेत. सणाच्या दिवशी, लग्नघरात किंवा चारचौघांत मागणी करू नये. माणूस पैशाची मागणी विसरतो, पण पाणउतारा विसरत नाही, आणि उद्या त्याच जिन्यात आपल्याला एकमेकांसमोर यावयाचे असते.

कायद्याचा मार्ग

आता कायद्याची पायरी. देय दिनांकापासून अथवा बिल वा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सदस्य थकबाकीदार ठरतो. असा सदस्य व्यवस्थापक समितीवर राहण्यास अपात्र असतो. म्हणून यादी करताना समितीने प्रथम स्वतःची नावे तपासावीत. आमच्या त्या दोन सदस्यांना मी हेच दाखविले. एकाने आठवड्यात पैसे भरले, दुसऱ्याने राजीनामा दिला आणि पुढच्या महिन्यात पैसेही भरले.

तीन महिन्यांनंतरही रक्कम आली नाही, तर लेखी स्मरणपत्रे द्यावीत आणि ती पोचल्याचा पुरावा ठेवावा. मग समितीने ठराव करून वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे, म्हणजे व्यवहारात आपल्या विभागाच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे, अर्ज करावा. पूर्वी अशी प्रकरणे अधिनियमाच्या कलम १०१ खाली चालत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ आहे. अर्जासोबत थकबाकीचा महिनावार तक्ता, बिलांच्या प्रती, खातेउतारा, नोटिशी व त्यांची पोच, आकारणी मंजूर करणारा सभेचा ठराव आणि समितीचा ठराव जोडावा. निबंधक चौकशी करतात, सदस्याचे म्हणणे ऐकतात आणि मागणी योग्य आढळल्यास दाखला देतात. त्यानंतर कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ यांनुसार वसुली अधिकारी मागणीची नोटीस काढतो. तरीही रक्कम न आल्यास जंगम मालमत्तेची आणि अखेर स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री यांपर्यंत जाता येते.

येथे बसलेल्या अधिकारी बंधूंना माझी एक विनंती आहे. पुष्कळ अर्ज मोघम कागदपत्रांमुळे परत जातात आणि बिनपगारी काम करणाऱ्या सचिवाचा धीर खचतो. आपण वर्षातून एकदा तालुक्यातील सचिवांना बोलावून एक नमुना अर्ज भरून दाखविलात, तर आपल्याच कार्यालयातील कितीतरी काम हलके होईल.

आमच्या संस्थेत एका परगावी राहणाऱ्या मालकाने चार वर्षे एक पैसाही भरलेला नव्हता. त्यांच्या सदनिकेत भाडेकरू होता. मी आठ पत्रे पाठविली होती. शेवटी दाखला मिळाला, वसुली अधिकाऱ्याची नोटीस त्यांच्या हाती पडली आणि जप्तीपूर्वी ते स्वतः येऊन सर्व रक्कम व्याजासह भरून गेले. मला वाटले, ते रागावतील. ते म्हणाले, “साहेब, चार वर्षे तुम्ही नुसती पत्रे पाठवीत होता, म्हणून मला वाटले की तुम्हालाही घाई नाही.” या बोलण्यात उद्धटपणा होता, पण थोडे सत्यही होते. दिरंगाई ही आमचीही थकबाकी होती. तीन महिन्यांत जे सहा हजार असते ते चार वर्षांत लाखाच्या घरात जाते. मग देणाऱ्याला ते डोईजड होते आणि मागणाऱ्याला मागणे अवघड होते.

पंचायतीसाठी दोन शब्द

ग्रामपंचायत सदस्यांना यात आपले प्रतिबिंब दिसले असेल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये अशीच तरतूद आहे. कराची मागणी होऊन रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारी व्यक्ती पंचायतीची सदस्य राहण्यास अपात्र ठरते. दोन्ही कायद्यांत मुदत तीन महिन्यांचीच आहे आणि दोन्हींतील विचारही एकच आहे. जो इतरांकडून वसूल करणार, त्याची स्वतःची पाटी कोरी असली पाहिजे. घरपट्टीच्या बिलावर गावातील दिवाबत्ती, पाणी, गटारे यांवर गेल्या वर्षी काय खर्च झाला हे चार ओळींत छापून दिले, तर ग्रामस्थ ते वाचतील आणि विचार करतील, असा माझा विश्वास आहे. सरपंच व सदस्य यांनी आपली घरपट्टी वर्षाच्या आरंभीच भरून पावती ग्रामसभेत दाखविली, तर गावाला वेगळा उपदेश करण्याची गरज फारशी उरणार नाही.

शेवटी

मंडळी, सहकार म्हणजे एकमेकांचा भार उचलणे, असे आपण भाषणांतून म्हणतो. तो भार किती आहे, कोणाच्या वाट्याचा किती आहे आणि कोणी उचलला नाही, हे लिहून ठेवल्याशिवाय सहकार चालत नाही. आपले दप्तर आधी नीट करा. ज्याला देता येत नाही त्याला मुदत द्या, ज्याची तक्रार आहे त्याचे ऐकून घ्या आणि ज्याला द्यावयाचेच नाही त्याच्यासाठी तीन महिन्यांनंतर कायद्याचा दरवाजा ठोठावा. मात्र कोणाच्याही घरचे पाणी बंद करू नका.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मी सचिवपद सोडले तेव्हा नव्या समितीत हिशेब तपासण्याचे काम तिने मागून घेतले. पहिल्याच महिन्यात माझ्याच खात्यावर ४० रुपयांची बाकी तिने शोधून काढली आणि बिलाखाली लिहिले, “कृपया भरावे.” मी ते त्याच दिवशी भरले आणि पावती घेतली.